दादा वर, मी खाली

३० जानेवारी २०२६, शुक्रवार. सुकापूर

देवापुढे दिवा लावून लिहायला बसलो आहे. आज जे ऐकलं ते कागदावर आलं तर थोडं सोपं दिसेल असं वाटतं.

दादा जेवायला आला होता. करंजाहून बसनं आणि पुढे रिक्षा करून. स्कूटर आणली नाही. विचारलं तर म्हणाला, "पनवेलचा ट्राफिक कोन सोसल?" आत येताना दाराशी ठेवलेला पाण्याचा तांब्या त्याच्या पायानं लवंडला. माझी बायको दमयंती म्हणाली, "असू द्या दादा, मी पुसते," तर त्यानं बगळ्यासारखी अख्खी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मान आखडली असणार. वयही छप्पन्न झालं.

भात संपवून हात धुतला आणि म्हणाला, "काशी, बाचा नवस ऱ्हायलाय. यंदा शिवरात्रीला दीवला जावाचा. आपली बोट घेऊन."

हा नवस मला ऐकून माहीत आहे. मी शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. बाबा आणि दादा वादळात सापडले आणि वाऱ्यानं ढकलत त्यांना दीव बेटापर्यंत नेलं. आठवडाभर तिथल्या बंदरात राहिले. समुद्राच्या काठी गंगेश्वर आहे, त्याला बाबांनी शब्द दिला की बोट घेऊन पुन्हा पाया पडायला येईन. ते राहून गेलं.

मी हो म्हटलं. देवाच्या कामाला नाही कसं म्हणणार? मग दादा म्हणाला, "आन् दुसरी गोष्ट. मी आता उतरताव. पुढं सुकाणू तू धर, नायतर बोट इकू. दीवला जाऊन येऊ, मंग ठरव."

"का पण? धडधाकट हायस की."

"कंटाला आलाय."

तीस वर्षांत हा शब्द मी दादाच्या तोंडून ऐकलेला नाही.

'द्रोणागिरी कृपा' ही आमच्या दोघांची बोट. दादा वर, सुकाणूवर, तांडेल. मी खाली, इंजिनावर. त्याच्या केबिनमधून एक दोरी खाली येते, तिला पितळेची घंटा आहे. एक ठोका म्हणजे चल, दोन म्हणजे बंद, तीन म्हणजे मागे. माझं सगळं आयुष्य त्या घंटेच्या आवाजाखाली गेलं. मोकळ्या समुद्रात कधीमधी सुकाणू धरलं आहे, पण बोट बंदरात आणणं मला ठाऊक नाही. धक्का जवळ आला की मी खालीच असायचो. धक्का लागल्याचं मला फक्त ऐकू यायचं.

निकेश, दादाचा मुलगा, नव्या विमानतळावर नोकरीला लागला. तो येणार नाही. म्हणजे मी, नाहीतर बोट दुसऱ्याची.

भांडी घासताना दमयंती म्हणाली, "दादांचं काहीतरी बिनसलंय." मी म्हटलं, माणसाला कंटाळा येऊ नये का?

३ फेब्रुवारी, मंगळवार

धीर होत नाही. वर बसायला वेगळा माणूस लागतो. पण बाबांची बोट विकायची हेही गळ्याखाली उतरत नाही. द्रोणागिरी देवीला म्हटलं, मला मोठं करू नकोस, फक्त सुकाणूवर हात डळमळू देऊ नकोस.

८ फेब्रुवारी, रविवार. करंजा

डिझेल, बर्फ, पाणी भरलं. परवान्याचे कागद दाखवून झाले. तिसरा माणूस गणू, आमचा जुना खलाशी, स्वयंपाक त्याच्याकडे. चंद्रावती वैनीनं डबे दिले आणि मला बाजूला घेऊन एक एवढीशी बाटली हातात ठेवली. "भाऊजी, ही बर्फाच्या पेटीत ठेवा. रोज झोपाच्या टायमाला दोनी डोल्यांत एकेक थेंब. ते इसरतील, तुमी इसरू नका."

खारा वारा डोळ्यांना लागतोच. वैनी त्याची फार काळजी करते. तिचे डोळेही लाल होते. दोघांनीही टाकायला हवेत थेंब.

दादानं सामान म्हणून एकच पिशवी आणली आहे. गणूला विचारत होता, दीवहून मुंबईला बस असते काय. गणू म्हणाला, "बोटीत बसून बस इचारतंय, आमचा तांडेल!"

१० फेब्रुवारी, मंगळवार. समुद्रात

पहाटे निघालो. खाडीच्या तोंडाशी दादानं नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, उभं राहून नारळ सोडला. हा मान तांडेलाचा. मागे द्रोणागिरीचा डोंगर होता, खालूनच हात जोडले.

दिवसभर दादा वर, मी खाली, नेहमीसारखं. दुपारी त्याच्या मानेला बाम चोळून दिला. त्यानं चोळू दिलं. सूर्य टेकला तशी त्यानं हाक मारली. "काशी, वर ये. गणूला बसव खाली. धर."

मी धरलं. तो माझ्यामागे फळीवर बसला. पूर्वी जीपीएसच्या पडद्याला नावं ठेवायचा, आज दर थोड्या वेळानं विचारतो, "मशीन काय बोलतं?" मी आकडे वाचून दाखवतो. वाटेत तेलविहिरींचे दिवे लागले. "कनच्या अंगाला हायत? लांब का जवल?" मी सांगतो. मग म्हणतो, "बरोबर." शाळेत गुरुजी तोंडी परीक्षा घ्यायचे तशी वाटते. उत्तर त्यांना माहीत असायचं, तरी आपल्याकडून वदवून घ्यायचे.

थेंब घातले. त्यानं लहान मुलासारखी मान वर केली.

११ फेब्रुवारी, बुधवार. वणाकबारा, दीव बेट

आधी हे लिहितो. बोट मी आणली.

दीव बेटाच्या पश्चिम टोकाला हे वणाकबारा गाव. पलीकडे गुजरातचा किनारा, मध्ये खाडी. आणि त्या खाडीत बोटीच बोटी. करंजालाही गर्दी असते, पण ती आपल्या माणसांची. इथे निळ्या, हिरव्या, लाल, रंगीत निशाणांच्या, नाळेवर देवांची चित्रं काढलेल्या. कुणी बर्फ भरतोय, कुणी बाहेर निघालाय, मधूनच माणसांनी भरलेली होडी आडवी जाते.

मला वाटलं आता दादा घेईल. तो उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चल. बोल काय दिसतं. डावीकडं?"

"दोन बोटी. एक बांधलेली, एक वळतेय."

"वळनारीला जाऊ दे. उजवीकडं?"

"वाळूचा उंचवटा. पाण्याचा रंग फिकट."

"मंग तिकडं जाऊ नको. घंटा मार."

मी घंटेची दोरी ओढली. पहिल्यांदाच वरच्या बाजूनं. दोन ठोके. खाली गणूनं इंजिन बंद करायला इतका वेळ लावला की समोरच्या बोटीवरची माणसं बांबू घेऊन उठली. दादा ओरडला, "गन्या, झोपलास काय?" खालून आवाज आला, "नवीन तांडेलाची घंटा हाय, वलख पटवून घेताव!"

धक्क्याला लागलो. जोरात लागलो, रंग थोडा खरवडला. दादाचा हात सगळा वेळ माझ्या खांद्यावर होता. बोटं रुतली होती. माझ्यापेक्षा त्यालाच जास्त भीती वाटली असावी, आणि ते साहजिक आहे. मी त्याच्या जागी असतो तर सुकाणू कधीच दिलं नसतं.

देवीची कृपा.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

गाव मोठं गजबजलेलं. पहाटेपासून लिलाव. बायका रांगेनं बसून मासळी निवडतात, हात चालतो तशी जीभ चालते. शब्द कळत नाहीत, पण आमच्या करंजाच्या बायकांसारखीच चिडवाचिडवी चालली आहे हे हसण्यावरून कळतं. वाळवणाचा वासही तोच. वेगळी फक्त ताडाची झाडं. इथल्या ताडांना फांद्या फुटतात, असे मी कधी पाहिले नव्हते. दादाला दाखवले, तर म्हणाला, "बा बोललेला, या झाडाला दोन डोकी हायत. कुठं हायत? बोट धर." मी त्याचा हात धरून त्या दिशेला केला, तेव्हा तो हसला.

शेजारच्या बोटीचा तांडेल विरजीभाई. साठीचा, कानात सोन्याची बाळी. भला माणूस. सकाळी चहा घेऊन आला, दादाला 'जगनभाई' अशी नावानं हाक मारली आणि आमची बोट पाहत बसला. फळ्या ठोकून पाहिल्या, खाली उतरून इंजिन चालू करायला लावलं, सुकाणूचे बिजागर हलवून पाहिले. परक्या बोटीवर एवढं प्रेम करणारा माणूस मी पाहिला नाही. म्हणाला, "लकड़ी अच्छी है. किसने रखा इतना साफ इंजिन?" दादा म्हणाला, "मेरा भाई. ऐसा ड्रायव्हर तुमको नहीं मिलेगा."

असं दादानं माझ्या तोंडावर कधी म्हटलं नव्हतं.

गणू बाजारातल्या दारूच्या दुकानांसमोर उभा राहून उसासे टाकतो. "काशीभाऊ, दीवला येऊन कोरडा गेलो त गावात तोंड कसा दाखवू?" मी म्हटलं, नवस फिटेपर्यंत नाही. तो म्हणाला, "देवाला इचारून बगा, त्यो इतका कडक नसल."

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज देवानं दादा परत दिला. सरळ लिहितो.

मंगळवारी अमावास्या. म्हणजे उधाण चढत जाणार. संध्याकाळी गणूबरोबर उपासाचं सामान आणायला निघालो, तेव्हा ओहोटी लागत होती. धक्क्याला बांधलेले दोर मी चांगले चार हात सैल सोडले. करंजाचा कुणीही माणूस हेच करील. आमच्याकडे अमावास्येच्या तोंडावर पाणी दोन पुरुष खाली जातं. दोर ताणून ठेवला तर बोट उतरणार कशी? धक्क्याला टांगली जाते, नाहीतर दोर तुटतो. हाताला लागलेली सवय. दादा आत झोपला होता.

रताळी, साबुदाणा घेऊन परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती. लांबूनच पाहिलं, बोट धक्क्यापासून सुटून वाऱ्यानं बाहेर सरकली आहे. मध्ये चांगलं वावभर, माणसाच्या उंचीएवढं, पाणी. इथे पाणी आमच्या निम्म्यानंही उतरत नाही. मी सैल सोडलेला दोर उतरण्यात खर्च झालाच नाही, तेवढी बोट बाहेर गेली.

आणि दादा बोटीच्या काठावर उभा. आम्हाला उशीर झाला म्हणून उतरायला निघालेला. मी ओरडलो, "दादा, थांब!" त्यानं बगळ्यासारखी मान माझ्याकडे वळवली, पण पाय पुढे पडला होता. जिथे दुपारी धक्का होता तिथे.

तो बोटीच्या आणि धक्क्याच्या मधोमध पडला. वारा थांबला असता, किंवा एखादी बोट बाजूनं जाऊन लाट आली असती, तर बोट परत धक्क्यावर आपटली असती. मी उडी मारली. पिशवी हातातच होती. विरजीभाई आणि त्याची माणसं बांबू घेऊन धावली, पाच जणांनी बोट बाहेर रेटून धरली. गणू धक्क्यावर पालथा पडून हात देत होता आणि द्रोणागिरीपासून गंगेश्वरापर्यंत सगळ्या देवांना शिव्या घालत होता. दादाचा खांदा धक्क्याच्या दगडावर सोलवटला. बाकी काही नाही. काही नाही.

विरजीभाई माझ्यावर तापला. "इतनी ढीली रस्सी कौन छोड़ता है? यहाँ इतना पानी नहीं उतरता, मुंबईवाले! पूछ तो लेते!"

मी मान खाली घातली. बरोबरच होतं.

केबिनमध्ये दादाला कोरडं केलं, गोधडी दिली. मी म्हटलं, "दोर मी सोडला, चूक माझी. पण दादा, एवढा पानी तुला दिसला नाय?"

त्यानं गोधडी खांद्यावर ओढून घेतली. मग म्हणाला, "समोरचा दिसतं. बाजूचा नाय. आन् दिवस बुडला का समोरचाबी नाय."

"कवापासून?"

"तीन वर्सं झाली. हलूहलू."

वैनीला माहीत आहे. निकेशला माहीत आहे. मी म्हटलं, मलाच का नाही? तर म्हणाला, "तुना सांगला असता त मना बोटीवर चढू दिला असतास? मना दीव एकदा बगाचा होता."

पंधरा दिवस हा माणूस माझ्यासमोर अख्खी मान वळवत होता आणि मी त्याला बाम चोळत होतो.

सुकाणू मी धरणार. हे मी त्याला विचारलं नाही, सांगितलं. तो म्हणाला, "बरा." मग भिंतीकडे तोंड करून झोपला.

वैनीला फोन केला. म्हटलं, मला कळलं. काळजी करू नका, पनवेलला डोळ्यांचे चांगले डॉक्टर आहेत, गेल्यावर लगेच दाखवू, ऑपरेशन झालं की दोन महिन्यांत दादा पुन्हा वर बसेल. तोवर मी आहे. ती म्हणाली, "हां भाऊजी. थेंब चुकवू नका, हाय तेवढा टिकला पायजे," आणि फोन बंद झाला. इथे रेंज कमी आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार. महाशिवरात्र

गंगेश्वराला गेलो. पायऱ्या उतरून खडकाच्या पोटात पाच पिंडी, लहानमोठ्या. पांडवांनी स्थापल्या म्हणतात. देवाला अभिषेक समुद्रच करतो. लाट येते, पिंडी बुडतात, लाट जाते, पुन्हा दिसतात.

गर्दी पुष्कळ. दादाचा हात धरून खाली नेलं. आत अंधारलं होतं. तो वाकला आणि वाहत्या पाण्यात हात घालून चाचपत एकेक पिंड मोजली. मागचे लोक घाई करत होते, एक बाई म्हणाली, "चलो काका, आगे चलो." दादा हलला नाही. पाचवी हाताला लागली तेव्हा म्हणाला, "हायत. बा बोललेला तशीच हायत."

मी बाबांच्या नावानं बेल वाहिला. स्वतःसाठी काही मागितलं नाही. दादाच्या डोळ्यांसाठी मागितलं.

बाहेर येऊन तो खडकावर बसला, भर दुपारच्या उन्हात. मान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवत होता. थांबायचा, पुन्हा थोडी फिरवायचा.

"काय बगतंस?"

"सगला," म्हणाला.

उपासाची रताळी खाऱ्या पाण्यात भिजली होती, तीच उकडून खाल्ली. गणू म्हणाला, मीठ घालायचं काम वाचलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार. निघताना

अमावास्या टाळून आज निघालो. या तीन दिवसांत विरजीभाईनं मला त्याच्या होडीत बसवून बंदराचं तोंड सात-आठ वेळा दाखवलं. वाळू कुठे, पाण्याची ओढ कुठे, सगळं. त्याचा राग एका चहात गेला होता.

निरोपाला धक्क्यावर आला. दोर स्वतः सोडून माझ्या हातात फेकला आणि म्हणाला, "अच्छा किया भाई. नाव घर की घर में रही. जगनभाई ने जब कल ना बोला, मेरे को बुरा नहीं लगा. मेरा भी ऐसा भाई होता तो मैं नहीं बेचता."

मी दादाकडे पाहिलं. दादा समोर समुद्राकडे पाहत होता. म्हणजे ती एक पिशवी. ती बस. फळ्या ठोकणं. मी बोट धक्क्याला आणू शकलो नसतो, तर आम्ही इथूनच बसनं घरी गेलो असतो.

मला राग यायला हवा होता. आला नाही. त्यानं बोटीसाठी गिऱ्हाईक पाहिलं, तेही असं की जो तिचे बिजागर हलवून पाहील.

खाडीच्या तोंडाशी दादानं पिशवीतून नारळ काढला. नाळेवर गेला नाही. माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, "तू हायस ना." तो म्हणाला, "धर रं, हात दुखला."

गणूकडे सुकाणू देऊन मी नाळेवर गेलो, देवीचं, गंगेश्वराचं आणि बाबांचं नाव घेतलं आणि नारळ सोडला. परत आलो तर दादा केबिनमध्ये नव्हता. खाली गेला होता. इंजिनाशी, माझ्या जागेवर बसला होता. गणूला खालून ओरडला, "तू वरच ऱ्हा, भात लाव. हितं बगाला काय लागत नाय, ऐकाला लागतं."

१९ फेब्रुवारी, गुरुवार. करंजा

परतलो. सगळं सुखरूप.

समोर द्रोणागिरी दिसला तेव्हा ऊन उतरत होतं. खाडीत शिरताना मी खाली ओरडून सांगत गेलो, डावीकडे कोण, उजवीकडे कोण, कुणाची बोट निघाली, कुणाची जाळी वाळत आहेत. त्यानं विचारलं नव्हतं. तरी खालून "हां," "हां," येत होतं.

पनवेलला डॉक्टरची वेळ सोमवारची घेतली आहे. निकेश फोनवर म्हणाला, "काका, या तुम्ही पण. डॉक्टरांशी तुम्हीच बोला एकदा." बोलेन. ऑपरेशनची तारीखच मागून घेईन.

धक्क्यावर वैनी आणि दमयंती उभ्या होत्या. वैनीनं आधी केबिनकडे पाहिलं, तिथे मी होतो, आणि तिनं तोंडाला पदर लावला. दमयंतीनं तिचा हात धरला.

ओहोटी होती, पाणी खाली गेलेलं. दोर किती सोडायचा हे मनात आधीच ठरवलं होतं. धक्का दोन बोटींच्या अंतरावर आला. मी घंटेची दोरी धरली आणि दोन ठोके दिले.

दुसरा ठोका पुरता वाजायच्या आत इंजिन थांबलं. बोट शांतपणे सरकत गेली आणि धक्क्याला लागली. इतकी हलकी की खालून दादानं विचारलं, "लागला काय रं?"

"लागला दादा," मी म्हटलं. "थांब, हात द्यायला येताव."